पंचविसावी चिठ्ठी

तमाम जनतेस, आणि विशेषेकरून अकरावी 'ब'च्या विद्यार्थ्यांस, या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, भारताची संविधान सभा यंदाही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतच भरेल. मोठा हॉल बोर्डाच्या परीक्षेच्या बाकांनी व्यापला आहे. माननीय सदस्यांनी नळाच्या तोट्यांना हात लावू नये, बर्नरशी खेळू नये आणि घटनेचा मसुदा बेसिनमध्ये भिजवू नये. देशाचं भवितव्य पणाला लागलेलं आहे. शिवाय वीस मार्क आहेत.

हे निवेदन मी दर फेब्रुवारीत वर्गात वाचून दाखवते. आवाज दोन पट्ट्या खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक हात टेबलावर. मुलं हसतात, मीही हसते. 

आज सकाळी पोळ्या लाटताना फोन वाजला. सुमनचा मेसेज. सुमन माझी जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर तिचा पत्ता नसतो. दिवाळीला नाही, वाढदिवसाला नाही. फेब्रुवारी लागला की तीन शब्द येतात: 'मैडमजी, लिस्ट लगी?' मी तव्यावरची पोळी विसरले. काळी झाली. ओवी, माझी लेक, आतून ओरडली, "आई, मतलब आज पण जळकी?"

जयपूरचा फेब्रुवारी हा असा पोळी जाळणारा महिना आहे. सकाळी स्वेटर, दुपारी तो कमरेला बांधलेला. हवा इतकी कोरडी की शाळेच्या लोखंडी कपाटाला हात लावला की झिणझिणी येते. संक्रांतीचे पतंग झाडांवर आणि तारांवर अजून लटकत असतात, रंग उडालेले. संध्याकाळी लग्नांच्या वराती आणि त्यांचे बँड. त्या आवाजात गच्चीवर फेऱ्या मारत, कानात बोटं घालून पाठांतर करणारी मुलं. दुर्गापुऱ्यात आमच्या घराजवळ शेती संशोधन केंद्राचं शेत आहे. तिथला गहू या दिवसांत अजून हिरवा असतो. ऑटोतून जाताना मी दररोज त्याच्याकडे बघते आणि मनात म्हणते, तू पिकशील तेव्हा परीक्षा संपलेली असेल. धीर धर. हे मी गव्हाला सांगते की स्वतःला, ते ऑटोवाल्याला विचारा. कारण मी ते बरेचदा मोठ्यानं म्हणते.

माझी ओळख करून द्यायची राहिली. मी मूळची वर्ध्याची. नवरा रेल्वेत, त्याच्या बदलीबरोबर इकडे आले आणि इथलीच झाले. जवाहर नगरातल्या एका शाळेत राज्यशास्त्र शिकवते. आता जे सांगणार आहे ते सगळं घडलं हिंदीत. मी मराठीत सांगतेय, कारण हिंदीत ते एकदाच सांगितलं आणि तेवढं पुरे झालं.

आडनाव विचारू नका. वर्ध्यात आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर माझा अख्खा पत्ता उमटतो: कुठली वस्ती, कुठली विहीर, कुठल्या पंगतीत. जयपुरात ते आडनाव कोणाला वाचताच येत नाही. इथल्या माणसांना एकमेकांची आडनावं तोंडपाठ, पण माझं ऐकून ते नुसतेच म्हणतात, "अच्छा, मराठी!" आणि चहा पुढे करतात. पहिल्या वर्षी मला हे इतकं आवडलं! जणू कोणी फुकट बुरखा दिला होता, तोही आत वारा लागणारा. आणि बघा ना, इथंही मी आडनाव लिहिलेलं नाहीच. सवय.

आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. त्यावरून आमच्याबद्दल काहीच कळत नाही. जयपुरात आजकाल प्रत्येक बऱ्या घरात बुद्ध असतो, खाली छोटं कारंजं आणि बाजूला बांबूचं रोप. पाहुणे म्हणतात, "किती शांत वाटतं! कुठून घेतला?" आणि मी दुकानाचा पत्ता देते. दुसरा एक फोटो आहे, निळ्या कोटातल्या माणसाचा. ज्यांच्यामुळे मी हातात खडू धरू शकले, त्यांचा. तो आतल्या खोलीत आहे, कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर. वर्ध्याहून बाबा फोन करायचे. जेवण झालं का, ओवी कशी आहे, आणि मग हमखास: "फोटो कुठी लावला वं?"

"आतमधे, बाबा."

"हॉलमधे काहून नाही?"

"हॉलमधे ऊन येते, बाबा. रंग उडते त्याचा."

बाबा गाडीचे गार्ड होते. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून त्यांनी माणसांचे बहाणे पाहिलेले. ते एवढंच म्हणायचे, "बरं."

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी शर्मा मॅम बसतात. हिंदी शिकवतात. मनानं लोण्यासारख्या आणि जिभेवर कसलाच ताबा नाही. माझ्या डब्यातली जवसाची चटणी त्यांना जिवापेक्षा प्यारी. मी डबा उघडायच्या आत त्यांचं बोट चटणीत असतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "आप लोगों में क्या होते हैं?" हा जयपूरचा लाडका प्रश्न. तुम्ही कोण, म्हणजे जातीनं कोण. मी डोळे मोठे करून म्हणाले, "हमारे यहाँ? हमारे यहाँ सब बातूनी होते हैं!" स्टाफरूम हसली. दुसऱ्या वेळी विचारलं तेव्हा मी वेगळा विनोद केला. तिसऱ्या वेळी आणखी वेगळा. असे माझ्याकडे बरेच साठले आहेत. लोक मला मोठी गमतीदार बाई समजतात.

तर, संविधान सभा. दरवर्षी अकरावीच्या तोंडी परीक्षेसाठी मुलं सदस्य होतात, भाषणं करतात, आणि उपप्राचार्य मागे बसून मार्क देतात. पालकही येतात. संहिता मीच लिहिलेली. पहिल्या वर्षी रात्रंदिवस खपून लिहिली आणि नंतर तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघत गेल्या. अध्यक्षांच्या हातात लाकडी हातोडा हवा म्हणून मी घरच्या खलबत्त्यातला लाकडी बत्ता नेते. देशाच्या संविधान सभेला आमच्या शाळेत लसणाचा वास येतो.

पहिली अकरा वर्षं भूमिका मीच वाटल्या. अध्यक्ष मुलगा, कारण आवाज भारी हवा. मसुदा मांडणारा मुलगा, कारण भाषण लांब. मुली स्वागतगीत म्हणत. दोन मुली तिरंगा आणून देत. एका मुलीला एक वाक्य होतं, अनुमोदनाचं. त्या सभेत पंधरा बायका होत्या, हे मी फळ्यावर लिहीत असे. परीक्षेत येतं म्हणून. आणि मग मुलींना सांगत असे, चला, गाण्याची प्रॅक्टिस करा. अकरा वर्षं. मी! जिला स्टाफ मीटिंगमध्ये चहा कोण आणणार यावरून भांडायला आवडतं.

तीन वर्षांपूर्वीचा तो फेब्रुवारी. सुटीत वाचता वाचता मला ती सापडली. त्या पंधरांपैकी एकच दलित बाई होती. दक्षिणेकडची, वयानं तरुण. मी पुस्तक छातीशी धरून स्वयंपाकघरात नाचले. ओवी तेव्हा सातवीत, तिनं हाक मारली, "पप्पा, आईला बघा काय झालं!" त्या बाईंचं म्हणणं मी माझ्या शब्दांत एका पानावर उतरवलं आणि संहितेत घातलं. इतकी खूश होते की भूमिकांची यादी मी एका बैठकीत केली. त्या भूमिकेसाठी कोण? क्षणभरही विचार करावा लागला नाही. सुमन.

सुमन कुमारी, राहणार बस्सी. आग्रा रोडवरून सकाळची बस पकडून यायची, बुटांवर दररोज धुळीचा नवा थर. हुशार, मोजकं बोलणारी, आवाज घंटेसारखा. वर्गात तिला सगळे सुमन कुमारी म्हणूनच ओळखत. कुमारीवरून कोणाला काय कळणार? पण मी वर्गशिक्षिका. शिष्यवृत्तीचे फॉर्म मीच भरायची. त्यातला तो रकाना मला ठाऊक होता.

मला वाटलं, किती छान! तिची माणसं, तिचा इतिहास, तिच्या तोंडून. आणि कुठेतरी खोल, हे आता कबूल करते, मला वाटलं, माझाही इतिहास, तिच्याच तोंडून. आपण न बोलता.

यादी मी सोमवारी नोटीस बोर्डावर लावली. चोवीस नावं, चोवीस भूमिका. सतराव्या ओळीत ठळक अक्षरांत टाइप केलं होतं: 'सभेतील एकमेव दलित महिला सदस्य — सुमन कुमारी.'

मधल्या सुटीत मी बघितलं, मुलांचा घोळका बोर्डासमोर आहे. कोणी काही वाईट बोललं नाही, हे मी शपथेवर सांगते. फक्त तिची मैत्रीण खुशी, जिच्या डब्यात ती दररोज जेवायची, ती अगदी सहज म्हणाली, "तू वो है क्या? बताया नहीं कभी!"

बस्स. एवढंच. सुमन हसली. हात धुवायला गेली ती सुटी संपेपर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या बाकावर होती. डबा आणलाच नव्हता म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून गैरहजर.

त्या दिवसांत माझी झोप उडाली. मी फोन केला, आईनं उचलला, "बुखार है मैडमजी." परत केला. "बुखार है." तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "हिचे पप्पा म्हणतात, बस्सीच्याच शाळेत परत घालू. तिथं सगळ्यांना ठाऊकच आहे. निदान नव्यानं कोणाला कळायचं तरी नाही." मी फोन ठेवला आणि डब्यातली चटणी शर्मा मॅमकडे सरकवली. त्यांनी दोन बोटांनी खाल्ली.

घरी मी नवऱ्याला सांगितलं. म्हणजे भाषणच केलं. किती चांगल्या हेतूनं दिली भूमिका, किती सुंदर पान लिहिलं, आजकालच्या मुली किती हळव्या. तो बूट काढत होता. माझा नवरा कमी बोलतो. आमच्या घरातले शब्द मीच संपवते. तो म्हणाला, "माझं नाव वीस वर्षं नोटीस बोर्डावर लागतं. दर वर्षी सिनियॉरिटी लिस्ट निघते ना. नावापुढं रकाना असतो. नवीन माणूस आला की आधी यादी बघतो, मग माझ्याशी हात मिळवतो. किंवा नाही मिळवत."

"तू कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. तुझं कुठं लागतं बोर्डावर?"

तो हे टोचून बोलला नाही. मोजे झटकता झटकता बोलला. मी आतल्या खोलीत गेले. फोटोसमोर उभी राहिले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काही विनोद सुचला नाही.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, सुमन आली, शाळेचा दाखला मागायचा अर्ज घेऊन. प्रयोगशाळेबाहेरच्या नळाजवळ तिनं मला गाठलं. अर्ज पुढे धरला. कागदाची कड भिजली होती.

"मैडमजी, तुम्ही रजिस्टर बघून दिलं ना?"

मी हो म्हणाले.

"मला वाटलं, माझा आवाज ऐकून दिलं असेल. मग वाटलं, आवाज ऐकून असतं तर अध्यक्ष केलं असतं." नळ टपटपत होता. "मला तो हातोडा हवा होता. नववीपासून बघतेय. खिडकीतून."

मी अर्ज घेतला. म्हणाले, "सोमवारपर्यंत थांब. सोमवारी सही करते." ती म्हणाली, "सोमवारी तोंडी परीक्षा आहे." मी म्हणाले, "म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी बोर्डावरची यादी काढली. टाचण्या चार, पण निघता निघेनात. काढून काय होणार होतं, ते मलाही कळत होतं; वाचलेलं कोणाच्या डोक्यातून कसं काढणार? तरी काढली. आणि वर्गात घोषणा केली: यंदापासून भूमिका चिठ्ठ्यांनी. मुलगा असो की मुलगी, जे निघेल ते करायचं. स्टीलचा डबा आणला. एकच गोंधळ! हर्षवर्धन राठौड, सहा फूट उंच, राजेशाही मिशीची नुकतीच सुरुवात झालेला; त्याला निघाली बंगालकडची एक महिला सदस्य. तो कळवळून म्हणाला, "मैम, मूँछ आ रही है मेरी!" मी म्हणाले, "येऊ द्या, सभेनं त्यावर बंदी घातलेली नाही." खुशीला एका संस्थानाचे दिवाण निघाले. तिनं लगेच पगडीची चौकशी सुरू केली.

आता खरं सांगते, कारण इतकी वर्षं पोटात ठेवून पोट दुखायला लागलंय. त्या चिठ्ठ्यांत लबाडी होती. निष्पक्ष निवडणूक या विषयावर दोन तास शिकवणाऱ्या बाईनं डब्यात हात घातला होता. अध्यक्षाची चिठ्ठी मी अंगठ्याखाली दाबून धरली होती. सुमनसमोर डबा गेला तेव्हा अंगठा उचलला. तिनं ती उघडली, वाचली, घडी घातली, परत उघडली. आणि एक चिठ्ठी डब्यात नव्हतीच. मुलं चोवीस होती म्हणून मी लघुलेखकाची एक जादा भूमिका घातली होती. पंचविसावी चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती, औषधाच्या पट्टीच्या मागे.

"मैम, वो वाला रोल किसको गया?" हर्षवर्धननं विचारलं. कोणाचीही नजर सुमनकडे गेली नाही, असं मला लिहायला आवडलं असतं.

"कळेल," मी म्हणाले.

शनिवार-रविवार कसे गेले विचारू नका. मी ते पान पाठ केलं. कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना, गव्हासमोर. ओवी म्हणाली, "आई, तू टीचर आहेस ना? मतलब टीचरला पण एक्झाम असते?" रविवारी बाबांना फोन केला. जेवण झालं का, ओवी कशी आहे. आणि नेमका त्या दिवशी त्यांनी फोटोचं विचारलं नाही. मीच वाट बघत राहिले.

सोमवार. प्रयोगशाळेत पालक, शिक्षक, मागे उपप्राचार्य मार्कांचा कागद घेऊन. ॲसिडचा, फिनाइलचा आणि लसणाचा वास. पहिल्या रांगेत शर्मा मॅम, मांडीवर पर्स. ओट्यामागे, परीक्षानळ्यांच्या स्टँडसमोर, सुमन. कोणाचा तरी काळा कोट घातलेला, बाह्या दुमडलेल्या. तिनं बत्ता आपटला तेव्हा काचेच्या सगळ्या नळ्या किणकिणल्या. भाषणं झाली. हर्षवर्धननं ओढणी घेऊन इतकं जीव तोडून भाषण केलं की त्याच्या आईनं डोळे पुसले. आणि मग सुमननं कागदावरचं पुढचं नाव वाचलं, थांबली, आणि वर बघितलं. कोणीच उठलं नाही.

मी उठले. पदर सारखा केला. पर्समधून चिठ्ठी काढून ओट्यावर ठेवली.  पान म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही. इथं थांबले असते तर टाळ्या पडल्या असत्या, बाई किती हौशी म्हणाले असते.

मी म्हणाले, "हे त्यांचं होतं. आता थोडं माझं. या खोलीत ही भूमिका कोणाची 'आपली' असलीच, तर आधी माझी आहे. माझं घर दलित आहे, बौद्ध आहे. अकरा वर्षांत तुम्हाला हे सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं की मी विनोद करत आले. आणि मी स्वतः लपून राहून दुसऱ्या कोणाचं तरी नाव बोर्डावर..."

पुढचा शब्द येईना.  सुमनकडे बघायची हिंमत नव्हती. आणि तेवढ्यात शर्मा मॅमचा आवाज फुटला, अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल असा:

"हाय राम! और मैं ग्यारह साल से इनकी चटनी खा रही हूँ!"

त्यानंतर दोन आठवडे त्यांनी माझ्या डब्याकडे बघितलं नाही, आणि पंधराव्या दिवशी एक शब्द न बोलता बोट चटणीत घातलं, ते आजतागायत आहे. दोन्हीचा अर्थ मी अजून लावते आहे. दाखल्याचा तो अर्ज माझ्या कपाटात आहे, सही न केलेला. आज स्टीलचा तो डबा धुऊन ठेवलाय. चिठ्ठ्या उद्या, आणि यंदा अंगठा कुठेच ठेवायचा नाही, असं ठरवलंय. सुमनला अजून उत्तर लिहिलेलं नाही. लिहायला घेतलं की फक्त तो क्षण आठवतो. कोणीतरी फिस्कन हसलं होतं, कोणीतरी खुर्ची सरकवली होती, आणि मी खाली बसायला निघाले होते. इतक्यात बत्ता असा आपटला की एक परीक्षानळी खाली पडून फुटली. आणि बस्सीची ती मोजकं बोलणारी पोर, शर्मा मॅमकडे बत्ता रोखून, ओरडली:

"दर्शक चुप रहें! माननीय सदस्या का बोलना अभी पूरा नहीं हुआ है!"